एका ‘द’साठी अडलेला सिनेमा

(दृश्य : सेनेगलची राजधानी डाकार, तिथलं पोस्ट ऑफिस. काउंटरपुढे रांग.)

पॅरिसहून मनीऑर्डर आली आहे, 25,000 फ्रँकची. पाठवणारा भाचा तिकडे रस्ते झाडतो. मामाचं नाव इब्राहिमा दिएंग. त्याला फ्रेंच येत नाही, म्हणून सोबतचं पत्र तो पोस्टातल्या लेखनिकाला पैसे देऊन वाचून घेतो. काउंटरवर ओळखपत्र मागतात. ओळखपत्राला जन्मदाखला लागतो आणि जन्मदाखल्याला जन्मतारीख. ती दिएंगला ठाऊक नाही. हेलपाटे सुरू होतात, उधारी वाढत जाते. शेवटी एक शिकलेला नातेवाईक मुखत्यारपत्रावर त्याची सही घेतो आणि पैसे स्वतःच ठेवतो.

ही गोष्ट सेनेगलचे लेखक-दिग्दर्शक उस्मान सेंबेन यांच्या 1968 सालच्या ‘मंदाबी’ या चित्रपटाची. ‘मंदाबी’ म्हणजे मनीऑर्डर. त्यातला ‘मंदा’ हा शब्द फ्रेंच, आणि मागे जोडलेला ‘बी’ सेनेगलमधल्या वोलोफ भाषेचा. सेंबेन यांनी फ्रान्समधल्या मार्सेच्या बंदरात हमाली केली, फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहिल्या. पण ज्यांच्याविषयी लिहिलं, त्यांच्यातल्या बहुतेकांना त्या वाचता येत नव्हत्या. म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर ते मॉस्कोला जाऊन सिनेमा शिकले. ‘मंदाबी’तली माणसं वोलोफ बोलतात, डाकारच्या गल्लीत बोलतात तशी.

(दृश्य : सेंट लुईस, नदीकाठची जुनी घरं.)

सेनेगल ही फ्रान्सची वसाहत. तिथे शाळा आली तीच फ्रेंच घेऊन, असं आपण सहज धरून चालतो. ते खरं नाही. 1817 साली सेंट लुईसमध्ये जाँ दार या फ्रेंच शिक्षकानं शाळा काढली आणि मुलांना आधी वोलोफमध्ये वाचायला-लिहायला शिकवलं. पुढे त्यानं वोलोफचा कोश आणि व्याकरणही छापलं. त्याची पद्धत टिकू दिली गेली नाही. म्हणजे दुसरी वाट होती, ती माहीत होती, आणि ती सोडून देण्यात आली. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त हेच लागतं.

नंतरच्या शाळांत एक वस्तू असायची. तिला ‘सॅंबोल’ म्हणत, म्हणजे खूण. कधी लाकडाचा तुकडा, कधी हाड. घरची भाषा बोलताना सापडेल त्या मुलाच्या गळ्यात ती अडकवायची. त्यानं दुसऱ्या कुणाला तसं बोलताना पकडलं, की ती त्याच्या गळ्यात जायची. शाळा सुटताना ज्याच्याकडे राहील त्याला शिक्षा. मास्तरांना लक्षही ठेवावं लागत नसे, मुलंच एकमेकांवर पाळत ठेवायची.

(दृश्य : लेओपोल्ड सेदार सेंघोर यांची जुनी छायाचित्रं.)

1960 मध्ये देश स्वतंत्र झाला. पहिले राष्ट्राध्यक्ष सेंघोर, थोर कवी, फ्रेंच व्याकरणाचे गाढे पंडित. 1983 मध्ये फ्रेंच अकादमीवर, म्हणजे फ्रेंच भाषेच्या सर्वोच्च संस्थेवर, निवडून आलेले ते पहिले आफ्रिकी. त्यांना वोलोफचा तिटकारा होता असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. आफ्रिकी भाषांचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. पण राज्यकारभार त्यांनी फ्रेंचमध्येच ठेवला, आणि वोलोफ कशी लिहायची हे सरकारी हुकमानं ठरवलं.

त्यातूनच द्वित्ताचा वाद पेटला. मराठीत ‘हला’ आणि ‘हल्ला’ यांत जेवढा फरक, तेवढाच वोलोफमध्ये साध्या आणि दुहेरी व्यंजनात असतो. विचारवंत शेख आन्ता दियोप यांच्या नियतकालिकाचं नाव होतं ‘सिग्गी’, म्हणजे मान वर करणं. सरकार म्हणालं, एकच ‘ग’ लिहा. दियोप यांनी नावच बदललं. नवं नाव ‘तखाव’, म्हणजे उभं राहणं.

त्याच सुमारास सेंबेन यांचा ‘चेद्दो’ हा चित्रपट आला. राज्य बळकावू पाहणाऱ्या इमामाची आणि धर्मांतर नाकारणाऱ्या माणसांची ही कथा. सेनेगलमध्ये तिच्यावर बंदी आली. अधिकृत कारण : नावात एक ‘द’ जास्त आहे. खरं कारण धर्माचं चित्रण, असं अनेकांनी तेव्हाच ओळखलं. सेंबेन यांनी ‘द’ काढला नाही. त्यांच्याच देशात तो सिनेमा वर्षानुवर्षं अडकून पडला.

(दृश्य : बाजार, रेडिओ, बसमधली गर्दी.)

आज सेनेगलमध्ये दहातल्या आठ जणांना वोलोफ बोलता किंवा समजता येते. फ्रेंच येणारे त्याच्या निम्मेही नाहीत. तरी 2001 च्या राज्यघटनेत अधिकृत भाषा एकच, फ्रेंच. वोलोफ, पुलार, सेरेर, जोला, मालिंके, सोनिंके या ‘राष्ट्रीय’ भाषा. शेजारच्या मालीनं 2023 मध्ये हा क्रम उलटवला : तिथे 13 देशी भाषा अधिकृत झाल्या आणि फ्रेंच फक्त कामकाजापुरती राहिली. अर्थात घटना बदलल्यानं पोस्टाच्या काउंटरवरचा फॉर्म आपोआप बदलत नाही. दिएंगला बरं वाटेल ते फॉर्म बदलल्यावर.

(दृश्य : सेनेगलमधलं तुबा शहर. मोठी मशीद, मग एका दुकानाची पाटी.)

ही पाटी अरबी नाही. लिपी अरबी आहे, भाषा वोलोफ. याला ‘वोलोफाल’ म्हणतात. मुसा का यांच्यासारख्या कवींनी या लिपीत दीर्घ काव्यं लिहिली. कुराणशाळेत अक्षरं गिरवलेली माणसं तीच अक्षरं घरच्या पत्राला आणि हिशेबाला वापरत आली. फ्रेंच राजवटीच्या लेखी मात्र असा माणूस निरक्षर.

(दृश्य : दुकानदाराचा हात, उधारीची वही.)

कुणी साखर नेली, किती नेली, पैसे कधी देणार. उजवीकडून डावीकडे, एकेक ओळ.