दहाव्या ओवीनंतर

प्रिय श्रोते बंधुभगिनींनो, प्रभू येशूच्या नावाने तुम्हा सर्वांना नमस्कार.

आज मला कुटुंबप्रार्थनेविषयी बोलायचं आहे. पण सुरुवात करतो ती एका झोपलेल्या मुलापासून.

शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथाचा तिसरा अध्याय. रात्र झाली आहे, मंदिरातला दिवा अजून विझलेला नाही. म्हातारा याजक एली आपल्या जागी पडला आहे. नजर अधू झाली आहे, त्याला धड दिसत नाही. शमुवेल हे पोर कराराच्या कोशाजवळ, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पवित्र पेटीजवळ, झोपलं आहे. हाक येते. पोर ताडकन उठतं, एलीकडे धावतं, म्हणतं, 'हा मी आलो, तुम्ही मला बोलावलंत.' एली म्हणतो, 'मी नाही बोलावलं बाळा, जा, झोप.' असं तीन वेळा होतं. तिसऱ्यांदा एलीच्या लक्षात येतं, आणि तो पोराला सांगतो, 'पुन्हा हाक आली तर म्हण, बोल प्रभो, तुझा दास ऐकत आहे.'

या प्रसंगातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. हाक एलीला ऐकू आलेलीच नाही! ती पोराला आली. पण हाक कोणाची हे ओळखलं एलीने. किती आईबाप म्हणतात, 'आम्हाला बायबलमधलं काय कळतंय? आम्ही मुलांना काय शिकवणार?' त्यांना मी एलीकडे बोट दाखवतो. एली काही आदर्श बाप नव्हता. त्याची स्वतःची मुलं वाया गेली होती. तरीही देवाला 'ओ' कशी द्यायची, एवढं त्याला ठाऊक होतं आणि तेवढं त्याने पोराच्या हाती दिलं. तुमच्या-माझ्यासारख्यांना यापेक्षा मोठा दिलासा कोणता हवा?

आता थोडं पुढे जाऊ. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, हे वाचन आपण ऐकतो. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने येतात; त्यातल्या 'ब' वर्षात, सामान्य काळातल्या, म्हणजे मोठ्या सणांच्या काळाबाहेरच्या, दुसऱ्या रविवारी ते असतं. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात पहिले शिष्य येशूच्या मागे जातात, म्हणून जोडीला शमुवेलाची हाक. जोडी छानच आहे. पण पुढच्या वेळी नीट कान द्या. वाचन दहाव्या ओवीपर्यंत येतं, आणि तिथून थेट एकोणिसाव्या ओवीवर जातं. मधल्या आठ ओव्या त्या दिवशी वाचल्या जात नाहीत. त्या घरी बसून वाचाव्या लागतात. आणि मला वाटतं, त्या घरासाठीच आहेत.

काय आहे त्या आठ ओव्यांत? देव त्या पोराशी बोलतो, आणि बोलतो तो एलीविरुद्धच. तुझ्या एलीची मुलं माझी निंदा करत राहिली, आणि माहीत असून त्याने त्यांना आवरलं नाही, म्हणून मी त्याच्या घराण्याला शासन करणार. शमुवेल सकाळपर्यंत पडून राहतो. मग उठून मंदिराची दारं उघडतो, रोजच्यासारखी. पण एलीला सांगायची त्याची छाती होत नाही. कशी होणार? ज्याने ऐकायला शिकवलं त्यालाच हे ऐकवायचं! तेव्हा एलीच त्याला जवळ बोलावतो आणि म्हणतो, 'माझ्या मुला, देवाने काय सांगितलं? माझ्यापासून काही लपवू नकोस.' पोर सगळं सांगतं. म्हातारा सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, 'तो परमेश्वर आहे. त्याला बरं दिसेल ते तो करो.'

श्रोतेहो, घरात वचन वाचायचं म्हणजे ही सकाळ आपल्याही वाट्याला येऊ द्यायची. माझ्या वाट्याला ती आली.

आमच्या घरी रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ, कधी चुकली नव्हती. पाचही रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातल्या पाच प्रसंगांवरचा जप, मग लितानी ही विनवण्यांची प्रार्थना, मग मुलं माझा आशीर्वाद घेऊन झोपायला. सगळं अंगवळणी पडलेलं. मध्येच आम्ही ठरवलं की शनिवारी संध्याकाळी उद्याचं शुभवर्तमान घरी वाचायचं. एका शनिवारी मत्तयचा पाचवा अध्याय होता. तू वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, प्रथम जाऊन त्याच्याशी समेट कर. वाचत होती माझी धाकटी. बोट ओळीवर ठेवून, अडखळत. वाचून झाल्यावर आम्ही थोडा वेळ गप्प बसलो आणि मग मी नेहमीप्रमाणे विचारलं, 'कुठला शब्द मनात राहिला?' ती म्हणाली, 'प्रथम.' मी म्हटलं, 'का गं?' तिचं बोट अजून पानावरच होतं. मान वर न करता ती म्हणाली, 'पप्पा, तुम्ही मम्मीवर ओरडता आणि लगेच प्रार्थना सुरू करता. प्रथम जात नाही.'

माझ्या तोंडाशी काय आलं होतं ते सांगतो. 'मोठ्यांशी असं बोलतात का?' हेच आलं होतं. ते बाहेर पडलं असतं तर त्या घरात पुन्हा कुणी खरा शब्द बोललं नसतं. प्रार्थना रोज झाली असती, पण पालथ्या घड्यावर पाणी! देवाने त्या क्षणी माझी जीभ धरली, असंच मी मानतो. मी उठलो, पत्नीजवळ जाऊन बसलो आणि म्हटलं, 'माझं चुकलं.' त्या रात्री प्रभूच्या प्रार्थनेतले 'जशी आम्ही क्षमा करतो' हे शब्द माझ्याच्याने एका दमात म्हणवले नाहीत.

फादर पॅट्रिक पेटन यांनी १९४०च्या दशकात रेडिओवरूनच घरोघरी रोझरी नेली. 'जे कुटुंब एकत्र प्रार्थना करतं, ते एकत्र राहतं' हे वाक्य त्यांच्यामुळे जगभर पोचलं. ते खरंच आहे. पण तो तोडगा नाही, की माळ ओढली आणि घर सांधलं. घर सांधलं जातं, कारण देवासमोर बसून आपण एकमेकांचं ऐकू लागतो.

मग वाचायचं कसं? बाराव्या शतकातले कार्थुसियन मठवासी दुसरे गीगो यांनी वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशी चार पायऱ्यांची शिडी सांगितली. त्यांची उपमा मला फार आवडते: वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं, प्रार्थनेत त्याची चव कळते आणि ध्यान म्हणजे ती गोडीच. घरात आपण बहुतेक वेळा चावतच नाही. घास गिळतो आणि हात धुतो. म्हणून उतारा लहान घ्या. एकाने सावकाश वाचावा, मिनिटभर शांत बसावं, मग दुसऱ्याने पुन्हा वाचावा. प्रत्येकाने मनात राहिलेला एखादा शब्द सांगावा, आणि तो शब्द कुणीही खोडू नये. आईबापांनी प्रवचन तर मुळीच देऊ नये. हा मोह मला आजही आवरावा लागतो. त्यानंतर एखादं रहस्य, दहा नमो मरिया, बस्स. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१० साली लिहिलं, की हे वाचन कृतीपर्यंत पोचल्याशिवाय पुरं होत नाही. आमच्या घरी ती कृती खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाण्याएवढीच होती. मला ती फार लांब वाटली.

लहान मुलं झोपतात, चुळबुळ करतात, मोठी मुलं उशिरा येऊन टेकतात. चालू द्या. ती बघत असतात. संत पोप जॉन पॉल दुसरे आठ वर्षांचे असताना त्यांची आई गेली, पुढे ते बारा वर्षांचे असताना थोरला भाऊही गेला. घरी उरले वडील आणि ते. रात्री कधी जाग आली तर वडील गुडघ्यांवर प्रार्थना करताना दिसायचे, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. आपली पहिली सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा, ते घर होतं, असं ते म्हणत. वडिलांनी त्यांना त्या वेळी काही शिकवलं नव्हतं. मुलगा जागा आहे हेसुद्धा त्यांना ठाऊक नसेल.

आज रात्री जेवणं झाली की शमुवेलाचा पहिला ग्रंथ काढा, अध्याय तिसरा. वाचायला घरातल्या सगळ्यात लहानाला द्या. अडखळलं तर अडखळू द्या. आणि दहाव्या ओवीवर थांबू नका.