डाव्या हाताने रोटरी कटर चालवताना

एक गोष्ट आधीच सांगते, बाकी सगळं तिच्यावरूनच पुढे येईल. क्विल्टचे, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेल्या गोधडीचे, तुकडे मापात निघतात ते पट्टी दाबून धरणाऱ्या हाताच्या जोरावर. रोटरी कटरने, म्हणजे दांड्याला बसवलेल्या गोल फिरत्या ब्लेडने, फक्त पट्टीच्या कडेला चिकटून पुढे जायचं असतं. म्हणजे आपण डावखुरे असू तर आपली अचूकता उजव्या हातात आहे, आणि शिकवताना त्याच हाताकडे कोणाचं लक्ष नसतं.

रोटरी कटर तसं नवीनच हत्यार आहे, १९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीने आणलं, तेही कपडे बेतायला, आणि क्विल्टवाल्यांनी ते उचललं, कारण त्याआधी पुठ्ठ्याचा साचा ठेवून, पेन्सिलने आखून, एकेक तुकडा कात्रीने कापायला लागायचा. आता मॅट (कापताना कापडाखाली ठेवायची चटई), पारदर्शक पट्टी आणि कटर एवढ्यावर दोन-चार थर एकदम कापता येतात. पण चुकलं तर चूकही चारही थरांत एकदम जाते, हे लक्षात असू द्या. प्रत्येक तुकडा १/१६ इंच जास्त निघाला तर ८ तुकड्यांच्या ओळीत अर्धा इंच वाढतो, आणि शेजारची ओळ बरोबर असेल तर त्या दोन्ही जुळतच नाहीत.

आता कटर हातात घ्या. साध्या सरळ दांड्याच्या कटरचं ब्लेड बहुतेक वेळा दांड्याच्या डाव्या अंगाला बसवून येतं, कारण उजव्या हाताने कापणाऱ्याची पट्टी डावीकडे असते आणि ब्लेड पट्टीला लागून हवं. आपली पट्टी उजवीकडे. तेच कटर तसंच डाव्या हातात धरलं की ब्लेड आणि पट्टीच्या मधे दांडा येतो, मग ब्लेड टेकवायला आपण नकळत मनगट वाकडं करतो, कटर कलतं आणि वरच्या थराचं माप वेगळं, खालच्या थराचं वेगळं. खूप जणींना वाटतं आपला हातच चांगला नाही. हाताला काही झालेलं नसतं हो, ब्लेड चुकीच्या बाजूला असतं! नट सोडवा आणि स्क्रू, ब्लेड, गार्ड (ब्लेड झाकणारं कवच), वॉशर सगळं दुसऱ्या बाजूने बसवा, सोडवताना एक फोटो काढून ठेवा कारण वॉशर थोडा बाकदार असतो आणि उलटा बसला की ब्लेड नीट फिरत नाही. नट फार आवळला तर ब्लेड न फिरता घासत जातं आणि एकाच जागी बोथट होतं, सैल राहिला तर डगमगतं. सगळ्याच कटरमधे अशी अदलाबदल होत नाही, तेव्हा घेण्याआधी बघून घ्या.

ब्लेड फिरवलं म्हणजे झालं असं नाही, कारण बाकीची मांडणी पण उलटी करायला लागते. अर्धवट उलटी केली तर जास्त त्रास. पट्टी डावीकडेच ठेवून डाव्या हाताने कापायला गेलं की एक हात दुसऱ्या हातावरून आडवा जातो, आणि ते मापाला वाईट आणि बोटांना तर फारच वाईट, तसं कधीच करू नका.

कापडाला आधी इस्त्री, सुळसुळीत असेल तर खळ पण. मग किनारीला किनार लावून घडी घाला, घडीवर कुठे लाट आली तर वरची किनार थोडी सरकवून ती घालवा, कडेची टोकं पुढेमागे झाली तरी चालतील. घडी आपल्या बाजूला. पहिल्यांदा कड सरळ करायची, तेव्हा कापड उजवीकडे पसरलेलं, वाकडी कड डावीकडे, पट्टी कापडावर आणि पट्टीची एक आडवी रेघ घडीवर तंतोतंत. पट्टीच्या डाव्या कडेने कापा. आता कापडाला हात न लावता अख्खी मॅट अर्धी फिरवा, म्हणजे सरळ कड उजवीकडे येते, घडी आता पलीकडे गेली तरी तिच्यावरच आडवी रेघ ठेवायची. इथून स्ट्रिप, म्हणजे कापडाच्या लांब फिती, कापायच्या, पट्टी स्ट्रिपवर, माप उजव्या कडेपासून मोजायचं. घडीशी काटकोन चुकला तर स्ट्रिप उघडल्यावर मधोमध कोपरासारखी वाकते, म्हणून दर तीन-चार स्ट्रिपनंतर कड परत सरळ करून घ्या, कापड थोडं वाया जाईल, जाऊ दे.

मॅटवरचे आकडे बहुतेक डावीकडून सुरू होतात, त्यांच्या नादी लागू नका, माप पट्टीवरच घ्या. पट्टी घेताना दोन्ही बाजूंनी आकडे असलेली घ्या. आणि पट्टीवरच्या रेघेला स्वतःची जाडी असते, कापडाची कड रेघेच्या खाली येऊ द्यायची की बाजूला ते एकदा ठरवा आणि संपूर्ण क्विल्टभर तेच ठेवा. २ इंचाचा तयार चौकोन हवा तर दोन्हीकडची शिवणीची पाव-पाव इंच माया धरून अडीच इंच कापायचा, त्यात रेघेएवढी गडबड पण दिसते.

परत उजव्या हाताकडे येऊ. बोटं पसरून पट्टीवर, करंगळी पट्टीच्या बाहेर कापडावर टेकलेली, तिच्यामुळे पट्टी सरकत नाही. कापत कापत हाताच्या पुढे गेलात की कटर तिथेच थांबवा, उचलू नका, उजवा हात पुढे सरकवा, मग पुढे कापा. कटर नेहमी अंगापासून लांब जाणारं. उभं राहून कापा, टेबल कंबरेच्या आसपास, आणि डावा खांदा कापायच्या रेघेच्या मागे येईल असं उभं राहा, तिरकं बघितलं तर रेघ सरकलेली दिसते, डोळा वरूनच हवा.

मधेच धागे न कापता राहायला लागले तर लगेच जोर वाढवू नका. ४५ मिमीच्या ब्लेडची एक फेरी साधारण १४ सेंटीमीटरची असते, तेव्हा दर १४ सेंटीमीटरला तेच होत असेल तर ब्लेडला खाच पडलीय, बदला. नेमाने एकाच जागी होत असेल तर मॅटला चरा पडलाय, वेगळ्या जागी कापा. कुठेही कसंही होत असेल तर ब्लेड उघडून मागे साचलेला कापडाचा भुसा पुसा, बरेचदा तेवढ्यानेच जमतं. मॅट उन्हात ठेवू नका, तिच्यावर इस्त्री करू नका, वाकली की परत सपाट होणं कठीण.

कटर हातातून ठेवताना दर वेळी, अगदी दर वेळी, ब्लेड बंद करा, कटर उलट बसवल्यावर तर ब्लेड बंद करायचं बटण पण नव्याने अंगठ्याखाली सवयीचं करून घ्यायला लागतं. जुनी ब्लेडं कागद कापायला वेगळी ठेवा, टाकायची झाली तर दोन्हीकडून जाड टेप लावून मगच टाका.