कॅमेरा कुठं उभा होता?

[दृश्य: मुरूमगाव ओलांडून पूर्वेकडे जाणारा रस्ता. दोन्ही बाजूंना जंगल.]

सिनेमातलं दृश्य जिथून टिपलं, नेमकी ती जागा शोधायची आणि तिथं उभं राहून तशीच फ्रेम जुळवायची, त्यासाठी हा प्रवास. गडचिरोलीहून निघालं की धानोरा, मग मुरूमगाव. पुढं सीमा ओलांडली की छत्तीसगडातलं मानपूर, आणि त्याच रस्त्यानं दल्ली-राजहरा. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणारा हा खाणींचा मुलूख. 2017 साली आलेल्या 'न्यूटन' या हिंदी सिनेमाचं चित्रीकरण याच परिसरात झालं. दिग्दर्शक अमित मसुरकर. त्यांचाच 'शेरनी' 2021 मध्ये आला. त्याचं बरंचसं चित्रीकरण मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातलं. गोंदियापासून बालाघाट साधारण 40 किलोमीटर.

झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या माणसाला हे दोन्ही सिनेमे पाहताना वाटतं, हे तर आपलंच जंगल. वाटणारच. 1956 पर्यंत विदर्भ, बालाघाट आणि दल्ली-राजहरा एकाच राज्यात होते आणि राजधानी होती नागपूर. सीमा कागदावर पडली, मोहाच्या झाडांना त्याचं काय! पण ठिकाण शोधायला निघालेल्यानं हे आधीच पक्कं करावं, की कॅमेरा सीमेच्या पलीकडं होता.

'शेरनी'च्या बाबतीत घोटाळा हमखास होतो. वाघिणीच्या शोधाची ही गोष्ट बघताना यवतमाळ जिल्ह्यातली टी-1, म्हणजे 'अवनी' वाघीण आठवते. तिला 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री राळेगाव तालुक्यात गोळी घातली गेली. म्हणून कुणी पांढरकवडा-राळेगावला गेला, तर त्याला कपाशीची आणि तुरीची वावरं दिसतील, अधेमधे झुडपी जंगल दिसेल. पडद्यावरचं उंच, दाट रान तिथं जुळणार नाही. गोष्ट सुचते एका गावावरून आणि चित्रीकरण होतं दुसरीकडं, असं सिनेमात नेहमीचंच.

[दृश्य: मोबाइलवर थांबवलेलं एक दृश्य. बोट डोंगराच्या कडेवर.]

तयारी घरीच करायची. सिनेमाच्या शेवटी नावं सरकतात, तिथं आभाराच्या ओळींवर थांबा. जिल्हा प्रशासन, वन विभाग, गावं, ग्रामपंचायती यांची नावं बहुतेक वेळा तिथंच सापडतात. सिनेमातल्या पाट्यांवर मात्र विश्वास नको. कलाविभाग एका रात्रीत पाटी रंगवतो. चौकी, शाळा, मतदान केंद्र हेसुद्धा कधीकधी प्लायवूडचं असतं आणि चित्रीकरण संपलं की उतरवलं जातं.

मग आठ-दहा फ्रेम, म्हणजे सिनेमा थांबवून घेतलेली चित्रं निवडा. निवडताना न हलणाऱ्या गोष्टी बघायच्या: डोंगराची वरची कड, मोठा खडक, पुलाचा कठडा, तलावाची पाळ, वळण. पानं, पिकं आणि कवेलूंची घरं यांचा भरवसा नाही. कवेलू जाऊन टिनपत्रे येतात, पांदण रस्त्याचं डांबरीकरण होतं, मधेच विजेचा नवा खांब उभा राहतो. निवडलेल्या फ्रेमची कागदावर छपाई करून घ्या. जंगलात नेटवर्क जातं, आणि भर उन्हात मोबाइलच्या पडद्यावर बारकावे दिसत नाहीत.

झाडंही पत्ता सांगतात, फक्त ती ओळखता आली पाहिजेत. आपल्याकडच्या जंगलात सागाचं राज्य आहे आणि साग उन्हाळ्यात उघडा पडतो. फ्रेममध्ये सालाची उंच सरळ खोडं रांगेनं दिसली, तर मध्य प्रदेशातल्या कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूचा विचार करा. पळस फुललेला म्हणजे फेब्रुवारी-मार्च. धान कापून बांध्या रिकाम्या म्हणजे नोव्हेंबर उलटलेला. 'शेरनी'चं काम टाळेबंदीमुळं मार्च 2020 मध्ये थांबलं आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झालं. एकाच सिनेमात जंगलाचे दोन रंग दिसले, तर दोन गावं शोधत बसू नका. ऋतू चुकला की बरोबर जागेवर उभं राहूनही माणूस 'ही ती नव्हे' म्हणून परत फिरतो.

[दृश्य: धुऱ्यावर उभी व्यक्ती, हातात छापील फ्रेम. समोर खांब, मागे डोंगर.]

जागेवर पोचल्यावरची सगळ्यात मोठी चूक झूमची. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यातून दृश्य रुंद दिसतं. सिनेमात बरेचदा लांब लेन्स असते, त्यामुळं मागचा डोंगर मोठा आणि जवळ आल्यासारखा दिसतो. मोबाइलमध्ये तो लहान दिसला की लोक चालत पुढं जातात. डोंगर तेवढाच राहतो आणि पुढचं घर मात्र भलतंच मोठं होतं. म्हणून आधी उभं राहायची जागा, झूम सगळ्यात शेवटी.

जागा अशी काढायची. फ्रेममधली एक जवळची वस्तू घ्या आणि एक लांबची. समजा, खांब आणि डोंगराचं टोक. टोक खांबाच्या उजवीकडं फ्रेमपेक्षा जास्त सरकलेलं दिसत असेल, तर आपण डावीकडं सरकायचं. डावीकडं गेलेलं असेल तर उजवीकडं. ते जुळलं की अंतर बघा. जवळची वस्तू डोंगराच्या मानानं मोठी वाटली तर मागं या, लहान वाटली तर पुढं. मागंपुढं झाल्यावर डावं-उजवं पुन्हा तपासावं लागतं. मग उंची. सपाट जागेवर क्षितिजाची रेघ उभ्या माणसाच्या छातीतून जात असेल, तर कॅमेरा त्याच्या छातीच्या उंचीवर होता. गुडघ्यातून जात असेल तर खाली बसा. एवढं झालं की दुप्पट, तिप्पट झूम करून कडा जुळवायच्या.

सावल्यांवरून दिशा कळते, पण जपून. विदर्भाच्या अक्षांशावर जूनमध्ये भरदुपारी सूर्य किंचित उत्तरेला असतो आणि हिवाळ्यात बराच दक्षिणेला. शिवाय सिनेमातली संध्याकाळ पहाटे चित्रित केलेली असू शकते.

गावात विचारताना 'शूटिंग कुठं झाली' यापेक्षा दुसरा प्रश्न कामाचा: "काकाजी, जनरेटरची गाडी कुठं उभी होती? जेवण कुठं शिजत होतं?" एवढ्या मोठ्या लवाजम्याला गाड्या वळवायला सपाट जागा लागते, त्यामुळं चित्रीकरणाची जागा पक्क्या रस्त्यापासून सहसा फार लांब नसते. तिथून पायी शोध सुरू करा. सीमेपलीकडं हिंदी, छत्तीसगढी, गोंडी चालते. बालाघाटकडं मराठीनंही भागतं.

[दृश्य: वन विभागाचं नाकं.]

राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरू नका, नाक्यावर आधी विचारा. राष्ट्रीय उद्यानांचा गाभा पावसाळ्यात बंद असतो. उरलेल्या महिन्यांतही तिथं गाडीतून उतरता येत नाही, म्हणजे फ्रेम जुळवणं विसराच. खाणी आणि पोलीस मदत केंद्रांकडं कॅमेरा वळवू नका, ड्रोन तर घरीच ठेवा. गडचिरोलीच्या पूर्वेकडं हिवताप आहे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि मुक्कामाला मच्छरदाणी न्या. अंधार पडायच्या आत धानोऱ्यापर्यंत परत यायचं, या हिशेबानं निघा. पेट्रोल गडचिरोलीतच भरून घ्या.

आणि राळेगावच्या बाजूला कधी गेलात, तर तिथं सिनेमाबद्दल विचारू नका. टी-1 च्या त्या प्रकरणात 13 माणसांचे मृत्यू तिच्या नावावर मांडले गेले होते. ती कुटुंबं त्याच गावांत राहतात.