बडी सोबत आहे, की नुसता त्याच समुद्रात आहे?

(टेबलावर स्कूबाचा हवेचा सिलिंडर, तोंडाने श्वास घ्यायचा रेग्युलेटर जोडलेला. कॅमेरा हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजच्या जवळ.)

हा व्हॉल्व बघा. पूर्ण बंद होता, मी अगदी थोडासा उघडलाय. गेजवर काय दिसतंय? २०० बार. टाकी फुल्ल. आता मी रेग्युलेटरमधून जोरात श्वास घेतो, तुम्ही काट्याकडे बघा. हं... पडला! सोडला की परत २००. परत घेतो. परत पडला.

आता गंमत अशी की बोटीवर हे कळत नाही. हवा येते व्यवस्थित. पण २० मीटर खाली एकूण दाब वरच्या तिप्पट असतो, म्हणजे एका श्वासाला तिप्पट हवा लागते. एवढ्याशा फटीतून ती येत नाही. गेज सांगतंय टाकी भरलीय, आणि तुमची छाती सांगतेय हवा नाही.

आणि हा व्हॉल्व असतो कुठे? इथे, मानेच्या मागे. स्वतःचा स्वतःला दिसत नाही. म्हणून उडी मारायच्या आधी समोर उभं राहून "गेजकडे बघत दोन-चार श्वास घे रे" म्हणणारा कुणीतरी लागतो. तो बडी.

नमस्कार मंडळी. बोटीवर हमखास येणारा प्रश्न आज घेऊ: स्कूबा एकट्याने करता येतं का?

मालवण-तारकर्लीला तुम्ही जे करून आलात ते यात धरू नका. तिथे इन्स्ट्रक्टरने तुम्हाला मागून धरलेलं असतं. कुठे जायचं, किती खोल, वर कधी, सगळं त्याच्या हातात. तुमच्याकडे एकच काम, मासे बघायचे. आणि खूश होऊन अंगठा दाखवायचा नाही! पाण्याखाली अंगठा म्हणजे 'भारी' नव्हे, 'वर चला'. तो बिचारा खरंच वर घेऊन येतो.

मी बोलतोय ते ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स झालेल्यांबद्दल. १८ मीटरपर्यंत जायचं, आणि बडीसोबत जायचं. हे कार्डाबरोबरच डोक्यात बसवतात.

आता नेत्राणीची गोष्ट. मुरुडेश्वरसमोरचं बेट, पुण्या-मुंबईचे बरेच डायव्हर तिथे जातात. मी एकटाच गेलो होतो, त्यामुळे बोटीवर बडी वाट्याला आला. सज्जन माणूस, हातात केवढा तरी कॅमेरा. चेक केला का? दोघांनी एकमेकांकडे बघून ओके केलं, झालं. खाली गेल्यावर त्याला खडकावर एक न्युडिब्रँक, म्हणजे समुद्री गोगलगाय, सापडला. बोटाच्या पेराएवढा, निळा. तो तिथे जो चिकटला तो चिकटला. मी जरा पुढे गेलो, मागे वळलो, तर हिरवं पाणी. माणूस नाही.

नियम सोपा आहे. एक मिनिट शोधायचं, नाही दिसला तर दोघांनीही सावकाश वर यायचं. मी किती शोधलं? चार मिनिटं. कारण वर जायचं म्हणजे डाइव्ह संपली, पैसे गेले. खोटं कशाला बोलू? शेवटी वर आलो. तो साहेब पंधरा मिनिटांनी आला, हसतमुख. मी नाहीये हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. बोटीवर फोटो दाखवला. फोटो अप्रतिम, कोपऱ्यात निघून चाललेल्या पायातली एक पिवळी फिन. माझी.

तेव्हा माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. वही घ्या.

आपली नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी आतून ११ लिटरची. शेवटचे ५० बार उरले म्हणजे साधारण ५५० लिटर हवा. समजा २० मीटरवर माझी हवा संपली आणि मी तेवढीच हवा उरलेल्या बडीच्या पिवळ्या ऑक्टोपसवर, म्हणजे त्याच्या जास्तीच्या रेग्युलेटरवर, आलो. घाबरलेला माणूस मिनिटाला ४० लिटर सहज ओढतो, दोघांचे ८०. मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर यायला सव्वादोन मिनिटं, आणि वाटेत सरासरी दाब दुप्पट. म्हणजे नुसतं वर यायलाच साडेतीनशे लिटर गेले. उरले दोनशे. तळाशी दोघं मिळून मिनिटाला २४० ओढतायत. म्हणजे एकमेकांचे हात झटकायला, ऑक्टोपस शोधायला, तोंडात घालायला एक मिनिटसुद्धा नाही! आणि बडी दहा मीटर लांब न्युडिब्रँकसमोर असेल तर त्याच्यापर्यंत पोचायचं ते बिनहवेचं.

आता एकट्या डायव्हरकडे बघू. तो वेडा नसतो. त्याच्याकडे वेगळी छोटी टाकी असते, तिला पोनी म्हणतात. तिचा रेग्युलेटर वेगळा. तीन लिटरची पोनी २०० बारला भरली की ६०० लिटर, आणि ओढणारा एकटा. तो वर येतो, ५ मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप करतो, तरी हवा उरते. शिवाय जास्तीचा मास्क, खोली आणि वेळ मोजणारा दुसरा छोटा कॉम्प्युटर, आणि जाळं कापायला दोन कटर. दोन कशाला? एक हात अडकला तर दुसऱ्या हाताला पोचेल असा हवा म्हणून. कोकणच्या पाण्यात तुटलेली जाळी खडकांना लटकलेली असतात, नायलॉनचं जाळं पाण्यात दिसत नाही.

हे शिकवतातही. एसडीआय या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा सोलो डायव्हर कोर्स आहे: वय २१, नोंदलेल्या १०० डाइव्ह. पाडी या दुसऱ्या संस्थेचाही आहे, १८ वर्षं आणि १०० डाइव्ह, पण त्यांनी नाव ठेवलंय 'सेल्फ-रिलायंट'. 'सोलो' म्हणायला जीभ रेटली नसावी.

मग काय, बडी नकोच? थांबा. शुद्ध हरपली तर पोनी तुमच्या तोंडात कोण घालणार? छातीत कळ आली, तर? ३० मीटरच्या आसपास नायट्रोजन चढतो, दोन पेग घेतल्यासारखं होतं, आणि चढलेल्याला आपल्याला चढलीय हे कधी कळलंय? समोरच्याला कळतं. याला कुठलीच टाकी उत्तर नाही. इथे एकटा तो एकटाच.

माझं म्हणणं एवढंच की नेत्राणीला मीही एकटाच होतो. फरक इतकाच, सोलोवाला एकट्याची तयारी करून उतरतो. मी बडी आहे या भरवशावर एकच टाकी घेऊन एकटा होतो. बडीसोबत, तयारीने एकटा, आणि असा नकळत एकटा, या तिन्हीतली सगळ्यात वाईट जागा ती.

आता अनोळखी बडी मिळाला की उडीआधी मी विचारतो. फोटो काढणार का? काढणार असलास तर मी तुझ्या खांद्याशी थांबतो, पण दर फोटोनंतर मान वळव. टाकी १०० बारला आली की दोघंही सांगू. आणि दोन-तीन फिन मारल्या की हात लागेल इतक्यातच राहायचं. लोक जरा बघतात, हा कुठला हेडमास्तर म्हणून. बघू देत.

माझ्या ११२ डाइव्ह झाल्यात. यंदा सेल्फ-रिलायंट करणार आहे. एकटं जायला नव्हे, बडीसोबत जाताना पोनी न्यायला. अंदमानच्या विमानात चेक-इनच्या १५ किलोंत ती कशी बसवायची, तेवढं कुणाला जमलं असेल तर सांगा. मी आत्तापर्यंत तीन वेळा बॅग भरलीय, तिन्ही वेळा कपडे बाहेर राहिलेत.