भिंतीवरचा क्रूस आणि समोरची खुर्ची: कॅथलिक संस्थेत समुपदेशन शिकताना काय शिकवतात?

(टेबलावर घडी घातलेला एक कागद. मागच्या भिंतीवर फक्त कॅलेंडर.)

नमस्कार. सांगलीतून, विश्रामबागेतल्या माझ्या या दहा बाय बाराच्या खोलीतून बोलतेय. खाली दोन रिक्षावाल्यांचं बिनसलंय, मध्येच आवाज आला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय माझ्या आत्याचा आहे. आत्या तासगावची. मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर मी पुण्याला, सिस्टर लोकांच्या, म्हणजे कॅथलिक नन्सच्या, एका संस्थेत समुपदेशनाचं पुढचं प्रशिक्षण घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिनं आईला बाजूला घेतलं आणि विचारलं, "पोरीला बाटवत्यात काय गं तितं?" मी तेव्हा खूप हसले होते. आता हसत नाही. याच वाटेनं जायचं म्हणून माझ्याकडे विचारायला येणाऱ्या मुलींच्या आईवडिलांना हेच विचारायचं असतं. फक्त ते म्हणतात, "मॅडम, तिथलं वातावरण कसं असतं?"

तर आधी आत्याचा प्रश्न निकालात काढू. राज्यघटनेचं कलम २८, पोटकलम ३. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत शिकणाऱ्याला त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत बसवता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. आमच्याकडे सकाळी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, असायची. ज्यांना जायचं ते जायचे. मी त्या वेळात डबा भरायचे. कुणी कधी विचारलंही नाही.

खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. धर्माच्या छपराखाली मनाचे उपचार शिकवतात, म्हणजे मानसशास्त्र शिकवतात की प्रार्थना? आपल्या सातारा-सांगलीकडं हा प्रश्न जास्तच टोचतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. १९८९ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समिती त्यांनी सुरू केली, आणि साताऱ्यातलं 'परिवर्तन' व्यसनमुक्ती केंद्रही त्यांचंच काम. त्यामुळे मनाचं दुखणं आणि देवाचं नाव एका वाक्यात आलं की इकडचा माणूस सावध होतो. व्हायलाच पाहिजे.

आणि एक घोळ आधीच सोडवते. मिरजेत 'मिशन' म्हटलं की सगळ्यांना वानलेस हॉस्पिटल आठवतं. ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं, म्हणजे प्रोटेस्टंट. कॅथलिक घर वेगळं. आपले सातारा आणि सांगली जिल्हे कॅथलिकांच्या पुणे धर्मप्रांतात येतात. पाचगणीचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ चं, ते सिस्टरांचं. मिरज आणि पाचगणी एकाच टोपलीत टाकू नका. दोन्हीकडचे लोक नाराज होतात!

आता अभ्यासक्रम. हा प्रकार सगळ्यात नीट बांधलेला दिसतो तो अमेरिकेत. व्हर्जिनियात डिव्हाइन मर्सी युनिव्हर्सिटी आहे. १९९९ मध्ये ती 'इन्स्टिट्यूट फॉर द सायकॉलॉजिकल सायन्सेस' या नावानं सुरू झाली. तिथल्या प्राध्यापकांनी माणसाचं एक चित्र मांडलंय. देवानं घडवलेला, पापानं मोडलेला, तरीही तारलेला असा माणूस. शरीर आणि मन मिळून तो एकच. तो विचार करतो, निवड करतो, नात्यांत जगतो. आजाराच्या लक्षणांची यादी उघडण्याआधी, धडधाकट भरलेलं जगणं कसं असतं ते ठरवा, असं त्यांचं म्हणणं. मला हे वाचताना कीर्तनातला पूर्वरंग आठवतो. आधी तत्त्व, मग आख्यान. पूर्वरंग कुणाला भावतो, कुणाला झोप येते. मला खरं सांगायचं तर थोडी झोप आली.

पण आख्यानात सूट नाही. तिकडं समुपदेशनाच्या पदव्यांना मान्यता देणारी 'केक्रेप' नावाची संस्था आहे. तिचा हिशेब असा: पदव्युत्तर अभ्यासक्रम किमान ६० क्रेडिटचा. आधी १०० तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा सराव, त्यातले किमान ४० तास प्रत्यक्ष क्लायंटसमोर. मग ६०० तासांची इंटर्नशिप, त्यातले २४० तास प्रत्यक्ष क्लायंटसमोर. आणि या सगळ्या काळात दर आठवड्याला सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी माणसानं तुमचं काम तपासणं. ही मान्यता घ्यायची तर फाटकावर क्रूस असो नाहीतर नसो, तास कमी होत नाहीत. शिवाय अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनची २०१४ ची आचारसंहिता सांगते की समुपदेशकानं स्वतःची मूल्यं क्लायंटवर लादायची नाहीत. मग श्रद्धेच्या संस्थेत शिकून ही श्रद्धा ठेवायची कुठं?

(कागद उचलून उघडते.)

त्याचं उत्तर मला या कागदानं दिलं. याला 'व्हर्बाटिम' म्हणतात. झालेलं बोलणं जसंच्या तसं, आठवून लिहायचं. ही रीत आली रुग्णालयातल्या धर्मसेवेच्या प्रशिक्षणातून. १९२५ मध्ये अमेरिकेत वुस्टरच्या मनोरुग्णालयात अँटन बॉइसन नावाच्या प्रोटेस्टंट धर्मगुरूनं धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना थेट वॉर्डात आणून शिकवायला सुरुवात केली. हा बॉइसन स्वतः मनोरुग्णालयात रुग्ण म्हणून राहून आलेला. पुढे कॅथलिकांनीही ही पद्धत उचलली.

घाबरू नका, हा कागद कुणा क्लायंटचा नाही. तसला कागद मी कॅमेऱ्यासमोर आणणार नाही. हा वर्गातल्या रोल-प्लेचा. आमच्या सुपरवायझर सिस्टर, मूळच्या वसईच्या. त्या दिवशी त्या स्वतः क्लायंटच्या खुर्चीत बसल्या. डोक्यावरचा पदर सावरल्यासारखा हात केला आणि म्हणाल्या, "मी जतची. आधी बाग गेली, मग मालक गेले. औषध घेतलं त्यांनी." बोली वसईची होती, पण माझ्या अंगावर काटा आला.

कागदावर तीन रकाने आहेत. पहिला तिचा, दुसरा माझा, तिसरा माझ्या मनात काय चाललं होतं त्याचा. वाचते.

ती: "देवाचा कोप झाला, म्हणून नेलं त्यांना."

मी: "असं नाही हो मावशी. देव असा कुणाला शिक्षा करत नाही."

तिसरा रकाना: तिला धीर द्यावासा वाटला.

आणि इथं बघा, लाल शाईचं वर्तुळ. शेजारी सिस्टरांचं अक्षर: "तिला, की तुला?"

मी वाद घातला. म्हटलं, सिस्टर, तुमच्या धर्माप्रमाणं तरी माझं वाक्य बरोबरच होतं ना? त्या म्हणाल्या, "बरोबर होतं म्हणून तर लाल केलं. चूक असतं तर तूच खोडलं असतंस." मग आम्ही परत बसलो. या वेळी मी एवढंच विचारलं, "कोप झाला असं कधीपासून वाटतंय?" सिस्टर किती वेळ गप्प होत्या सांगू? मला खालच्या मजल्यावरचा मिक्सर ऐकू येत होता. मग त्या म्हणाल्या, "त्या रात्री मी त्यांना जेवायला हाक नाही मारली. भांडण झालतं."

माझ्या धीराच्या वाक्यानं हे ताट कायमचं झाकून टाकलं असतं.

त्या खोलीत भिंतीवर क्रूस होता. पहिल्याच आठवड्यात आम्हाला खुर्च्या मांडायला लावल्या होत्या: क्लायंटची पाठ क्रूसाकडं की तोंड? आम्ही अर्धा तास वाद घातला. कॅथलिक मुली म्हणाल्या, तोंड. मी म्हटलं, पाठ. सिस्टर म्हणाल्या, दोन खुर्च्या ठेवा आणि येणाऱ्याला विचारा.

त्याच रोल-प्लेत पुढचं वाक्य होतं, "मालकांना मुक्ती मिळंल का?" हे आपल्याकडं कुणीही विचारतं, हिंदू असो, ख्रिस्ती असो. चर्चची जुनी भूमिका कडक होती. १९१७ च्या चर्चच्या कायद्यात, समजून-उमजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेत ती बंदी राहिली नाही. १९९२ च्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथात लिहिलंय की तीव्र मानसिक विकार, यातना किंवा भीती असेल तर त्या माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि त्याच्या तारणाची आशा सोडू नये. हे आम्हाला शिकवलं, पण 'क्लायंटला सांगा' म्हणून नाही. ख्रिस्ती कुटुंबात एखाद्या म्हातारीच्या डोक्यात १९१७ चं चर्च बसलेलं असतं, हे समुपदेशकाला ठाऊक हवं म्हणून. आपल्या कायद्यातही असंच वळण आलंय. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम ११५: आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे ऐकताना कुणाला जड होत असेल तर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोला.

आता अनेकांचा गोंधळ होतो तो भाग. कन्फेशन आणि काउन्सेलिंग. फादरसमोर पापाची कबुली दिली की ती तिथंच गाडली जाते. चर्चच्या कायद्याचं कलम ९८३ सांगतं, धर्मगुरूनं ते शब्दानं किंवा कुठल्याही प्रकारानं, काहीही झालं तरी फोडायचं नाही. फोडलं तर थेट बहिष्कार. समुपदेशकाची गुप्तता तशी नसते. २०१७ च्या कायद्यात गुप्ततेचा हक्क आहे, पण जिवाला धोका असेल तर अपवादही आहेत. आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणं पोलिसांना कळवावंच लागतं. म्हणून दोन्ही खुर्च्या एकाच माणसानं, एकाच दुपारी वापरायच्या नाहीत. चर्चला हे स्वतःच्या घरातही समजलेलं आहे: सेमिनरीच्या, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेच्या, रेक्टरनं (प्रमुखानं), विद्यार्थ्यानं आपणहून मागितल्याशिवाय, त्याची कबुली ऐकायची नाही, असं कलम ९८५ आहे. ज्याच्या हातात तुमचा निकाल, त्याच्यासमोर मन मोकळं होत नाही. हे कुठल्याही वसतिगृहातल्या पोराला विचारा.

इथं शिकायचं तर कुठं, हे विचारता. बेंगळुरूला सीएमआय या कॅथलिक संघाच्या फादरांचं ख्राइस्ट विद्यापीठ आहे, सेंट गॅब्रिएलच्या ब्रदरांचं मॉन्टफोर्ट कॉलेज आहे. लोणावळ्याला साधना इन्स्टिट्यूट, अँथनी डिमेलो या मुंबईत जन्मलेल्या, जेझुइट संघातल्या फादरनं १९७० च्या दशकात उभी केलेली. डिमेलोंनी समुपदेशनात पूर्वेकडचं ध्यान मिसळलं. ते १९८७ मध्ये गेले, आणि १९९८ मध्ये व्हॅटिकननं त्यांच्या काही विचारांवर जाहीर आक्षेप घेतला. मला हे उलट आश्वासक वाटतं. घरातही भांडणं चालू आहेत म्हणजे सगळे एकच पाठ म्हणत नाहीत.

पण सगळंच गोड नाही. या वाटेवर मी स्वतः एकदा पैसे घालवलेत. तीन दिवसांचा 'ख्रिस्ती समुपदेशन' प्रमाणपत्र वर्ग, भाड्याचा हॉल, बुफे जेवण. कोणत्या चर्चचे ते शेवटपर्यंत कळलं नाही. वक्ते म्हणाले, नैराश्य म्हणजे विश्वासाची कमतरता. शेवटी सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. एकही तास क्लायंटसमोर नाही, सुपरव्हिजन नाही. कॅथलिक चर्चमध्ये तर भूत काढायचा विधी करायलाही बिशपची खास, स्पष्ट परवानगी लागते, आणि हा आजार तर नाही ना हे आधी बघायला सांगितलंय. इथं माइकवरून दुपारच्या जेवणाआधी निदान झालं होतं.

म्हणून प्रवेश घेण्याआधी फोन करा आणि विचारा: प्रत्यक्ष किती तास, सुपरव्हिजन कोण करणार, त्यांची नोंदणी कुठली. कारण २०१७ च्या कायद्यातल्या मानसिक आरोग्य व्यावसायिकांत नुसता एम.ए. झालेला समुपदेशक बसत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम लागतो. बाकीच्या मानसशास्त्रवाल्यांसाठी २०२१ चा संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा आलाय. त्याचा धागा धरूनच यूजीसीनं २०२५ च्या सत्रापासून दूरशिक्षणातून मानसशास्त्राचे नवे प्रवेश बंद केले. घरबसल्या पदवीची जाहिरात दिसली तर तारीख बघा.

(मागच्या भिंतीकडे बघत.)

माझ्या भिंतीवर कालनिर्णय आहे, एवढंच. गेल्या पावसाळ्यात एक आजी आल्या. बसायच्या आधी चारही भिंती बघितल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडं देव न्हाई व्हय?" माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. सिस्टरांची लाल शाई आठवली. मी विचारलं, "तुमचा कुठला, आजी?"

आजी वीस मिनिटं बोलल्या. चहा गार झाला.