आहे, असेल, असावा

(हॉस्पिटलचा लांब कॉरिडॉर, रात्र. रिकाम्या खुर्च्या. आवाज फक्त एसीचा.)

रात्रीचे साडेतीन वाजलेत. बाबा आत आयसीयूत, आई माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेली, डोळे मिटलेले, ओठ हलतायत पण आवाज येत नाहीये, आणि मांडीवरच्या पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी इतका घट्ट धरलाय की बोटांची टोकं पांढरी पडलीत. मी समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघतोय. पाचच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, आता स्टेबल आहेत. आईने डोळे उघडले आणि म्हणाली, "ऐकलं त्याने." आणि मी, रात्रभर जागलेला, कोणी काही विचारलेलं नसताना, पटकन बोलून गेलो, "डॉक्टरांनी केलं गं आई."

ती काहीच बोलली नाही. पर्स उचलली आणि तोंड धुवायला गेली. मी बोललो ते खोटं नव्हतं, पण त्या वेळी ते बोलायची काहीएक गरज नव्हती, आणि ते वाक्य मला आजपर्यंत टोचतंय. या व्हिडिओचं मूळ तिथे आहे.

तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत अंदाज लावत बसायला नको. देव आहे की नाही हे मला माहीत नाही. कोणी फारच खोदून विचारलं तर माझा कल "नाही"कडे आहे. मी प्रार्थना करत नाही. आणि जी माणसं करतात, त्यातली बरीच माझ्यापेक्षा हुशार आहेत, माझ्यापेक्षा चांगलीही आहेत, त्यामुळे ती सगळी अडाणी आहेत असं म्हणून हा विषय मिटत नाही.

(काळ्या पडद्यावर एकेक शब्द उमटतो: आहे. नाही. असेल. असावा.)

या चार शब्दांवर मी बरेच दिवस अडकलो होतो. देव आहे. देव नाही. दोन्ही ठाम, पुढे बोलायला जागाच नाही. देव असेल म्हटलं की सूर बदलतो, असेल बाबा, आपलं काय जातंय. पण देव असावा म्हटलं की बघा काय होतं, कारण "असावा" हा शब्द मराठीत दोन कामं करतो. खोलीत लाईट दिसतोय म्हणजे तो जागा असावा, हा अंदाज. म्हातारपणी कोणीतरी जवळ असावं, ही इच्छा. शब्द तोच, आणि "देव असावा" म्हणताना आपण यातलं नेमकं काय म्हणतोय, अंदाज बांधतोय की इच्छा करतोय, हे बोलणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. मला वाटतं बहुतेक माणसं इथेच राहतात. आहे आणि नाही ही दोन टोकं भांडायला बरी पडतात, पण मुक्काम असावाच्या घरात.

आता यातला अंदाजाचा भाग वेगळा काढून तो सिद्ध करता येतो का, हे माणसांनी मनापासून करून बघितलंय. न्यायदर्शनातले उदयनाचार्य म्हणतात की घडा आहे म्हणजे कुंभार आहे, तसं जग हेही एक कार्य आहे म्हणजे त्याचा कर्ता असलाच पाहिजे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने ईश्वर सिद्ध करायचे पाच मार्ग मांडले. आणि दुसऱ्या बाजूला कोण उभं होतं? फक्त चार्वाक नव्हेत. वेदांना प्रमाण मानणारे मीमांसक, त्यांच्यातले कुमारिल भट्ट, जग निर्माण करणारा ईश्वर मानायला तयार नव्हते, जैनही नव्हते. म्हणजे धार्मिक असणं आणि जगाचा कर्ता मानणं या दोन गोष्टी एकच आहेत असं आपण धरून चालतो, ते तेव्हाच्या लोकांनी धरलेलं नव्हतं. कुंभाराच्या उदाहरणात मला एक अडचण कायम वाटत आलीय, की घडे करणारे कुंभार आपण पाहिलेत म्हणून घड्यावरून कुंभार ओळखतो, जग मात्र एकच पाहिलंय आणि तेही आतून.

आणि याच्याही आधी, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, १२९ व्या सूक्तात, सृष्टी कुठून आली हे विचारता विचारता तो कवी शेवटच्या ऋचेत म्हणतो की परम आकाशात बसून जो हे सगळं बघतो, त्यालाच हे ठाऊक असेल, "यदि वा न वेद", किंवा त्यालाही नसेल. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास कोणीतरी हे बोललं, बाकीच्यांनी ते पाठ केलं, पिढ्यान् पिढ्या जपलं, कोणी पुसून टाकलं नाही. मला हे फार मोठं वाटतं.

(एक जुनं पत्र. कागद पिवळा, अक्षर तिरकं. कॅमेरा हळूहळू खाली सरकतो.)

आता एका नवरा-बायकोबद्दल. चार्ल्स आणि एमा डार्विन. लग्न १८३९ च्या जानेवारीत. डार्विन तेव्हा तीस वर्षांचाही नव्हता, जगप्रवासाहून येऊन जेमतेम दोन-अडीच वर्षं झालेली, आणि एकेकाळी हाच मुलगा पाद्री व्हायच्या बेताने केंब्रिजला शिकायला गेला होता हे लक्षात ठेवा. एमा मनापासून श्रद्धा असलेली. तिची लाडकी बहीण फॅनी १८३२ मध्ये गेली होती, आणि मरणानंतर तिची पुन्हा भेट होईल या आशेवर एमा उभी होती. आपल्या नवऱ्याच्या मनात शंका आहेत हे तिला माहीत होतं कारण त्यानेच ते तिच्यापासून लपवलं नव्हतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिने त्याला एक पत्र लिहिलं, एकाच घरात राहून, कारण काही गोष्टी तोंडाने बोलवत नाहीत. तिचं म्हणणं असं, की सिद्ध होईपर्यंत काहीच मानायचं नाही ही तुझी संशोधनातली सवय, जिथे तशी सिद्धता मिळूच शकत नाही अशा गोष्टींतही तुझ्या मनावर जास्त ताबा घेत नाही ना? आणि आपण दोघं कायमचे एकमेकांचे नाही असं वाटलं तर मी फार दुःखी होईन. कायमचे म्हणजे मरणानंतरही. तिला भांडण जिंकायचं नव्हतं, तिला तो हवा होता, पुढेही.

डार्विनने ते पत्र आयुष्यभर जपून ठेवलं. आणि त्याच्या खाली एमासाठी लिहून ठेवलं, की मी गेल्यावर तुला कळू दे, या कागदाचं मी कितीदा चुंबन घेतलंय आणि यावर कितीदा रडलोय.

पण त्याचं मत बदललं नाही. एवढं प्रेम, एवढं रडणं, तरी जे खरं वाटत नव्हतं ते खरं मानणं त्याला जमलं नाही. श्रद्धा ही ठरवून ठेवता येणारी गोष्ट नाही हे मला इथे कळलं, म्हणजे आजपासून मी मानतो असं म्हणून माणूस मानायला लागत नाही, आणि आजपासून सोडलं म्हणून ते सुटतही नाही.

१८५१ च्या एप्रिलमध्ये त्यांची दहा वर्षांची ॲनी गेली. उपचारासाठी तिला घरापासून लांब नेलं होतं, डार्विन तिच्या उशाशी होता, एमाचे दिवस भरत आलेले म्हणून तिला जाता आलं नाही, आणि रोज पत्रं जात येत होती, आज थोडं पाणी प्यायली, आज ओळखलं तिने. डार्विनची श्रद्धा ॲनीमुळे गेली असं सरसकट सांगितलं जातं, पण ती त्याआधीच बरीच झिजली होती. नंतर १८६० मध्ये आसा ग्रे नावाच्या श्रद्धाळू वनस्पतिशास्त्रज्ञाला तो लिहितो, की सुरवंटाच्या जिवंत शरीरात राहून त्याला आतून खाणाऱ्या किड्यांची जात एखाद्या दयाळू, सर्वशक्तिमान देवाने मुद्दाम निर्माण केली असेल हे मला पटवून घेता येत नाही. आणि त्याच पत्रात पुढे म्हणतो, हा सगळा विषयच माणसाच्या बुद्धीच्या बाहेरचा आहे, कुत्र्याने न्यूटनच्या मनाचा अंदाज बांधावा तसं. शेवटी १८७९ मध्ये, सत्तरीत, त्याने लिहिलं की माझं मत हेलकावे खातं, देव नाकारणारा या अर्थाने मी नास्तिक कधीच नव्हतो, अज्ञेयवादी म्हणा हवं तर.

हा अज्ञेयवादी शब्द, इंग्रजीतला ॲग्नॉस्टिक, तेव्हा अगदी नवा होता. १८६९ मध्ये थॉमस हक्सलीने तो घडवला, डार्विनच्या बाजूने जाहीर वाद घालणारा तोच हक्सली. लोकांना वाटतं अज्ञेयवादी म्हणजे तळ्यात-मळ्यात करणारा, दोन्हीकडे बरं राहावं म्हणून गप्प बसणारा. हक्सलीने त्या शब्दाची काय किंमत दिली होती ते मात्र माहीत नसतं. १८६० च्या सप्टेंबरमध्ये त्याचा मुलगा नोएल, चार वर्षंही पूर्ण न झालेला, स्कार्लेट फिव्हरने दोन दिवसांत गेला. चार्ल्स किंग्सले या पाद्री मित्राने सांत्वनाचं पत्र पाठवलं, त्याला हक्सलीने लांबलचक उत्तर लिहिलं, आणि त्यात तो सांगतो की दफनाच्या वेळी पाद्रीने वाचलेलं एक वाक्य ऐकून मी हादरलो. वाक्य असं, की मेलेले पुन्हा उठणार नसतील तर मग खाऊया, पिऊया, उद्या मरायचंच आहे. म्हणजे कधीच भरून न येणारं काही गमावलं म्हणून मी माणूसपण सोडून जनावरासारखं वागायचं? असा त्याचा सवाल होता. मुलगा पुन्हा भेटावा असं त्यालाही वाटलं असेल. पण त्याच पत्रात तो म्हणतो, की माझ्या इच्छांना वस्तुस्थितीशी जुळवून घ्यायला शिकवणं हे माझं काम, वस्तुस्थितीला इच्छांप्रमाणे वळवणं नव्हे.

म्हणजे आपण मघाशी बोललो तो "असावा", त्याचे दोन अर्थ हा माणूस हाताने फाडून वेगळे करत होता, आणि तेही मुलाला पुरून आल्यावर. हे वाचल्यापासून "माहीत नाही" म्हणणाऱ्याला कोणी पळपुटा म्हटलं की मला सहन होत नाही.

(हॉस्पिटलचं ऑपरेशन थिएटर, दारावरचा लाल दिवा.)

प्रार्थनेचा उपयोग होतो का हेही लोकांनी मोजून बघितलंय. २००६ मध्ये छापून आलेला अमेरिकेतला एक अभ्यास आहे, सहा हॉस्पिटलं, बायपास झालेले १,८०२ पेशंट. तीन गट. दोन गटांना सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होईलही किंवा होणारही नाही, त्यातल्या एकासाठी झाली, एकासाठी नाही. तिसऱ्या गटाला पक्कं सांगितलं की होणार आहे, आणि झाली. प्रार्थना करणारे अनोळखी, त्यांच्याकडे पेशंटचं फक्त पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर. निकाल असा की पहिल्या गटात ५२ टक्के लोकांना काही ना काही कॉम्प्लिकेशन झालं, ज्यांच्यासाठी प्रार्थना झालीच नाही त्यांच्यात ५१ टक्के, आणि ज्यांना पक्कं माहीत होतं त्यांच्यात ५९ टक्के. हा जास्तीचा आकडा योगायोगही असू शकतो असं संशोधकांनी म्हटलं.

हा अभ्यास मी कित्येक वर्षं वादात खिशातून काढल्यासारखा काढायचो. आज तो मला प्रामाणिक वाटतो आणि अपुराही वाटतो. अनोळखी माणसाने यादीतलं नाव वाचून केलेल्या प्रार्थनेने ऑपरेशनचा निकाल बदलला नाही, एवढंच त्यातून कळतं. खुर्चीत बसून पर्सचा पट्टा आवळून धरलेल्या बाईला त्या रात्री काय मिळत होतं, ते त्यात कोणी मोजलेलं नाही, मोजायचं त्यांनी ठरवलंही नव्हतं.

(पुन्हा तोच कॉरिडॉर. आता दिवस आहे, माणसं ये-जा करतायत.)

बाबा वर्षभराने गेले. त्या दिवशी आई "ऐकलं नाही त्याने" असं म्हणाली नाही. मी वाट बघत होतो खरं सांगायचं तर, माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं, की बरं झालं की त्याने केलं आणि वाईट झालं की त्याची मर्जी, असा हिशोब कसा चालेल. ती काही म्हणालीच नाही, आणि मीही नाही. एवढं तरी मी त्या पहाटेवरून शिकलो होतो.

काही महिन्यांनी एकदा मी तिला विचारलं, तू त्या रात्री काय मागत होतीस? ती म्हणाली, "मागत कुठे होते? इतका वेळ करायचं काय तेच कळत नव्हतं. तू नाही का घड्याळ बघत बसला होतास."

मग मी विचारलं, देव आहे असं खरंच वाटतं तुला? मला वाटलं ती थोडा विचार करेल. तिने नाही केला. "आहे," म्हणाली, लाईट आहे का विचारल्यावर सांगावं तसं. मग मला विचारलं, "आणि तुला?"

मी म्हणालो, "मला वाटतं, नसावा."

म्हणालो आणि माझं मलाच ऐकू आलं. कारण नसावा हाही तसलाच शब्द आहे. त्यातही अंदाज आहे आणि इच्छाही आहे, आणि असता तर त्या वर्षी तो कुठे होता, हे मला त्याला विचारावं लागलं असतं.

आईने माझ्याकडे बघितलं, नीट बघितलं, आणि म्हणाली, "का रे, रागावलायस का त्याच्यावर?"

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.