सारिया ते सांतियागो: 115 किलोमीटर, सहा दिवस

[दृश्य: सकाळचं धुकं. ओक आणि चेस्टनटच्या झाडांखालून जाणारी दगडी वाट.]

स्पेनचा वायव्य कोपरा, गालिसिया. दोन्ही बाजूंना शेवाळलेले दगडी गडगे आणि मधून खोलगट, ओली वाट. इथले लोक तिला कोरेदोइरा म्हणतात. कोकणातला माणूस तिला पाणंदच म्हणेल.

नवव्या शतकात येशूचा शिष्य प्रेषित याकोब याची कबर सापडल्याची श्रद्धा पसरली आणि युरोपभरातून यात्रेकरू सांतियागो दे कोम्पोस्तेलाकडे चालू लागले. त्या वाटेला कामिनो म्हणतात. 'फ्रेंच कामिनो' हा तिचा सर्वात गजबजलेला फाटा 1993 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पूर्ण वाट जवळपास 780 किलोमीटरची. आपण चालणार आहोत तिचा शेवटचा तुकडा, सारिया गावापासून 115 किलोमीटर.

[दृश्य: पिवळा शिंपला कोरलेला दगडी खांब. त्यावर उरलेलं अंतर.]

या वाटेवर कठीण चढ नाही, दोर लागत नाही, वाट चुकणंही अवघड. शिंपल्याचे खांब आणि पिवळे बाण सतत सोबत असतात. हे बाण 1980 च्या दशकात याच वाटेवरच्या ओ सेब्रेइरो गावाचे धर्मगुरू एलियास बालिन्या यांनी रंगवायला घेतले. तरीही लोक इथे लंगडतात. एका दिवसाचं चालणं सगळ्यांना जमतं, पाय बोलायला लागतात ते तिसऱ्या दिवशी. आळंदी ते पंढरपूर चाललेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून तयारी सलग दिवसांची करा. निघण्याआधी सहा ते आठ आठवडे चालायला लागा आणि शेवटच्या काही आठवड्यांत शनिवार-रविवार लागोपाठ 18 ते 20 किलोमीटर चाला. तेही त्याच बुटांत आणि भरलेली सॅक पाठीवर घेऊन.

[दृश्य: जवळून. बूट काढलेला पाय. टाचेवर लालसर डाग, त्यावर चिकटपट्टी लावणारी बोटं.]

फोड येतो घर्षण, ओल आणि उष्णता एकत्र आली की. आधी त्या जागी चुरचुरतं. तेव्हाच थांबायचं. 'पुढच्या गावात बघू' म्हणालात की फोड आलाच. मोजा काढा, पाय कोरडा करा, पट्टी लावा. दुपारी मोजे बदला आणि ओले सॅकला बाहेरून अडकवा. पाय दिवसभरात सुजतात, त्यामुळे बूट अर्ध्या ते एका मापाने मोठा हवा. उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. नखं आधीच कापून ठेवा आणि उताराआधी घोट्याजवळची नाडी आवळून बांधा.

सॅकचं वजन तुमच्या वजनाच्या दहाव्या भागाच्या आत ठेवा. पॉन्चो, म्हणजे सॅकसकट अंग झाकणारा रेनकोट, मात्र उन्हाळ्यातही घ्या, गालिसियात पाऊस केव्हाही येतो. चालायला मे, जून आणि सप्टेंबर चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये मुक्कामाला जागा मिळवणं हेच मोठं काम होतं. 25 जुलै हा याकोबाचा सण. तो रविवारी आला की पवित्र वर्ष मानतात. पुढचं पवित्र वर्ष 2027, तेव्हा गर्दी गृहीत धरूनच बेत आखा.

[दृश्य: मिन्यो नदीवरचा लांब पूल. पलीकडे दगडी पायऱ्या.]

पहिला मुक्काम पोर्तोमारीन, 22 किलोमीटर. गावाआधीचा उतार गुडघ्यांची परीक्षा घेतो, काठ्या इथे बाहेर काढा. जुनं गाव 1960 च्या दशकात बेलेसार धरणात बुडालं. त्याआधी त्याचं किल्ल्यासारखं चर्च दगड-दगड सुटं करून वर टेकडीवर पुन्हा उभारलं. भिंतीजवळ जाऊन पाहा, दगडांवरचे आकडे अजून दिसतात.

दुसऱ्या दिवशी पालास दे रेइ, 25 किलोमीटर. वाटेत कास्त्रोमायोर हे रोमन काळाआधीचं तटबंदीचं गाव लागतं. घाईत ते चुकवू नका.

बहुतेक वेळापत्रकं फसतात ती यापुढे. ती पालास ते आर्सुआ हे 29 किलोमीटर एका दिवसात घेतात. नकाशावर चढ मोठा दिसत नाही, पण वाट एकेका ओढ्यात उतरते आणि पुन्हा चढते, दिवसभर. त्यातच हा तिसरा दिवस. आमचं स्पष्ट मत आहे, हा टप्पा तोडा. 15 किलोमीटरवर मेलिदेला थांबा आणि उरलेले 14 चौथ्या दिवशी चाला. मग रिबादिसोच्या मध्ययुगीन पुलाखाली थंड पाण्यात पाय सोडून बसायलाही वेळ मिळतो.

मेलिदे ऑक्टोपससाठी प्रसिद्ध. शाकाहारी असाल तर नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. सॅलडमध्ये ट्यूना येतो आणि गालिसियाच्या सूपमध्ये बहुधा डुकराची चरबी असते. दोन्हींची नावं घेऊन नाही म्हणा. अंडं चालत असेल तर बटाट्याचं तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, जवळजवळ सगळीकडे मिळतं.

[दृश्य: शिक्क्यांनी भरलेली घडीची पुस्तिका.]

ही क्रेदेन्सियाल, यात्रेकरूची पुस्तिका. शेवटच्या 100 किलोमीटरमध्ये रोज किमान दोन शिक्के लागतात. चर्च, कॅफे, धर्मशाळा, कुठलेही चालतात. मधला तुकडा टॅक्सीने केलात तर यात्रा पूर्ण केल्याचं 'कोम्पोस्तेला' हे प्रमाणपत्र मिळत नाही. सामान गाडीने पुढे पाठवलेलं चालतं, पण सरकारी धर्मशाळा असं सामान घेत नाहीत आणि आगाऊ जागाही राखत नाहीत.

आर्सुआहून ओ पेद्रौसो 19 किलोमीटर, बराचसा निलगिरीच्या सावलीतून. तिथून सांतियागो 20. लावाकोयाच्या ओढ्यावर मध्ययुगातले यात्रेकरू अंग धुऊन स्वच्छ होत. आता वाट विमानतळाला वळसा घालून जाते. सांतियागोच्या कॅथेड्रलमधली दुपारी 12 ची मिसा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, गाठायची असेल तर उजाडण्याआधी निघा. सॅक कॅथेड्रलमध्ये नेऊ देत नाहीत, ती ठेवायलाही वेळ लागतो. बोताफुमेइरो हे 50 किलोहून जड धूपपात्र आठ जण दोरांनी झुलवतात, पण रोज नाही. ते दिसेलच असं धरून चालू नका.

[दृश्य: कमानीखालच्या अंधाऱ्या पायऱ्या. पुढे उजेड.]

शेवटी वाट एका कमानीखालून पायऱ्या उतरते आणि ओब्रादोइरो चौकात सोडते. कॅथेड्रल आता डाव्या हाताला आहे, पण इतकं जवळ की दर्शनी भाग दिसत नाही. चौकाच्या मध्यापर्यंत चालत जा आणि मग मागे वळा.